धाबं, पातेलं आणि ब्रीदर : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ब्रीदरवर, म्हणजे बॉक्समधली हवा आत-बाहेर करायच्या तोंडावर, लिहिलं. रिमॅप करून (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलून) ताकद वाढवलेली, ट्रॅकवर किंवा धावपट्टीवर ताणली जाणारी गाडी ब्रीदरमधून एटीएफ, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल, बाहेर टाकते. ते तेल चढत्या नळीने कॅच कॅनमध्ये, म्हणजे ते साठवायच्या डब्यात, कसं घ्यायचं, एवढाच विषय होता. त्याखाली एका वाचकांनी सहा ओळी लिहिल्या आहेत. मूळचे धुळ्याचे, सध्या पुण्यात वाहन उद्योगात, असं ते स्वतःच सांगतात. त्यांचं मुख्य वाक्य जसंच्या तसं देतो : ‘ब्रीदरमधून तेल येतंय म्हणजे लेव्हल चुकलीय, ती नीट करायची सोडून कॅन लावणं म्हणजे गळक्या धाब्याखाली पातेलं ठेवायचा खान्देशी जुगाड.’ (धाबं म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर.) बाकीच्या ओळींत माझा एक आकडा चुकला, ६ मिलिमीटरची नळी पुरते, वॉरंटी जाईल, आणि शेवटी ‘आधी पुस्तक वाचा, मग लिहा’.

जे चुकलं ते आधी मान्य करतो. गरम झाल्यावर तेल दहा टक्के फुगतं असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. एटीएफ दर अंशाला साधारण ०.०७ ते ०.०८ टक्के फुगतं. ४० अंशांना भरलेलं ९ लिटर तेल १२० अंशांवर गेलं तर अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त वाढतं, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. लेखात दुरुस्ती केली आहे. आभारी आहे.

आता त्या वाक्याकडे येतो.

भाऊ, ‘जुगाड’ म्हणालात तर मी ऐकून घेतलं असतं. गॅरेजच्या धंद्यात हा शब्द रोज कानावर पडतो. पण त्याच्या आधी ‘खान्देशी’ कशासाठी लावलंत? तुम्ही धुळ्याचे. पांझरेचं पाणी पिऊन मोठे झालात, आणि पुण्यात चार वर्षं झाली की आपल्याच मातीचं नाव शिवीसारखं वापरायला लागलात. हेच पुण्यात जन्मलेल्या कुणी लिहिलं असतं तर मी उत्तरसुद्धा दिलं नसतं. तुम्ही लिहिलंत म्हणून लागलं.

पातेल्याचं उदाहरण निवडताना तुम्ही धाब्याच्या घरात कधी पावसाळा काढला होता का, हे मला माहीत नाही. मी काढलेत, वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत. श्रावणात झड लागली की आई घरभर भांडी मांडायची. सकाळी वडील प्रत्येक भांड्यात किती पाणी साठलं ते बघायचे. देव्हाऱ्याजवळचं पातेलं काठोकाठ, चुलीजवळची वाटी नुसती ओली. त्यावरून धाब्यावर खारी माती कुठे टाकायची ते ठरायचं. भांडं ठेवलं नसतं तर पाणी जमिनीत मुरलं असतं, आणि भिंत फुगेपर्यंत कुणाला काही कळलं नसतं. तेव्हा पातेलं म्हणजे अडाणीपणा, हे मला सांगू नका.

कॅच कॅनही त्याच कामाचा आहे. उघड्या ब्रीदरमधून आलेलं तेल बेल हाउसिंगवरून (बॉक्सचं इंजिनला जोडलेलं पुढचं कवच) ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं, थोडं रस्त्यावर पडतं. किती गेलं, कधी गेलं, कसं होतं, काहीही हाती लागत नाही. कॅनमध्ये साठलं तर मापता येतं. दीड तास ताणून चालवल्यावर तळाशी दोन चमचे स्वच्छ तेल असेल तर ते गरमीने फुगून आलेलं आहे, काळजी नाही. पाव लिटर फेसाळ तेल असेल तर लेव्हल जास्त आहे : फिरणारे भाग तेल घुसळतायत, पंप तेलाबरोबर हवा ओढतोय, प्रेशर पडतंय आणि क्लचपॅक (बॉक्समधले गिअर धरणारे चकत्यांचे संच) स्लिप मारायला लागलेत. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर कूलरमधून पाणी शिरलंय, गाडी तिथेच उभी करा. करपट वास आणि काळपट रंग असेल तर क्लच जळतोय. तुम्ही म्हणता लेव्हल चुकलीय. चुकलीय हे कळणार कशावरून?

शिवाय लेव्हलबद्दल मी लिहिलंच होतं. लेखाचा पूर्ण दुसरा भाग त्यावर आहे. झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या बॉक्सला डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, तेलाचं तापमान स्कॅनरवर बघत, ३० ते ५० अंशांच्या दरम्यान फिलर प्लगमधून लेव्हल घ्यावी लागते. मे महिन्यात जळगावात दुपारी सावलीतच ४४-४५ अंश असतात. उन्हात उभ्या गाडीचं तेल इंजिन सुरू करण्याआधीच पन्नाशीला टेकलेलं असतं. म्हणून मी उन्हाळ्यात लेव्हल पहाटे सहाला घेतो. गाडी आदल्या रात्री रॅम्पवर चढवून ठेवतो. सकाळी प्लग उघडला की आधी करंगळीएवढी धार येते, मग ती सुतासारखी बारीक होते, मग थेंब पडायला लागतात. थेंब सुरू झाले की प्लग लावायचा. अकराला गाडी आणून ‘लेव्हल बघा’ म्हणणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी बोलावतो. हे करणाऱ्या माणसाला लेव्हलचं महत्त्व तुम्ही शिकवताय.

आणि लेव्हल अचूक असली तरी तेल बाहेर येऊ शकतं. ते तुमच्या वाक्यात बसत नाही म्हणून तुम्ही ते सोडून दिलंत. कंपनीने बॉक्समध्ये फुगण्याला जागा ठेवलेली असते, पण ती कंपनीच्या ताकदीला आणि कंपनीच्या कूलरला. गाडीवाला रिमॅप करतो, मग तेल तापतं म्हणून मोठा बाहेरचा कूलर लावतो. आता सर्किटमध्ये लिटर-सव्वालिटर तेल वाढलं. फुगणारं तेल वाढलं, बॉक्समधली रिकामी जागा तेवढीच. कूलर बॉक्सपेक्षा उंचावर असेल तर इंजिन बंद केल्यावर त्यातलं तेल हळूहळू चेंबरमध्ये, म्हणजे बॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरतं. टॉर्क कन्व्हर्टरमधलंही (इंजिनची ताकद तेलामार्फत बॉक्सला देणारा भाग) उतरतं. त्यात लाँच, म्हणजे उभ्या गाडीची झपाट्याने सुरुवात, घेताना ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर दिला की गाडी जागेवरच उभी असते आणि इंजिनची सगळी ताकद कन्व्हर्टरमधलं तेल तापवण्यात जाते. काही सेकंदांचं काम, पण दोन-चार लाँचमध्ये तापमान कुठल्या कुठे जातं. जोरात ब्रेक मारला की तेच गरम, पातळ तेल पुढे धावतं. ते ब्रीदरच्या तोंडाशी गेलं की बाहेर पडणारच.

मे २०१६ मधली गोष्ट सांगतो, म्हणजे मी हट्ट का धरतो ते कळेल. रावेरकडचे एक केळीचे व्यापारी, जर्मन डिझेल सेडान, ऑटोमॅटिक, रिमॅप केलेली. दुसऱ्या शहरातल्या एका गॅरेजने मोठा कूलर बसवला होता आणि ‘गरमीत कमी पडायला नको’ म्हणून अर्धा लिटर तेल वरून ओतलं होतं. ब्रीदर उघडाच. आम्ही शिरपूरहून सेंधव्याकडे बिजासन घाट चढत होतो. मी शेजारी बसलो होतो, मांडीवर स्कॅनर. तेल ११८ अंश. पुढे ट्रकांची रांग लागली, गाडी थांबली, आणि दोन मिनिटांत पुढच्या चाकाशी निळसर धूर. मागून उतरलेला त्यांचा पोरगा ओरडला, ‘भाऊ, खाले धूर निघी राहिना!’ मी वाकून बघितलं. बेल हाउसिंगवरून लाल तेलाची रेघ उतरलेली, खाली डाउनपाइपवर (एक्झॉस्टचा इंजिनजवळचा पाइप) थेंब पडून चरचरत होते. पाइपाजवळचं उष्णतारोधक जाड कापड तेलाने भिजलेलं, आणि त्याच्या कडेला हातभर ज्वाळा. एटीएफचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, २०० अंशांच्या आसपास असतो. चढावर ओढलेल्या डिझेलचा डाउनपाइप त्याच्या कितीतरी वर असतो. ट्रकवाल्याने अग्निशामक सिलिंडर दिला म्हणून गाडी वाचली. माझ्या उजव्या मनगटावर डाग आहे, अजून आहे.

त्या गाडीला पहाटे लेव्हल घेऊन जादा तेल काढलं, म्हणजे तुम्ही सांगता ते आधी केलं. मग कॅन लावला. पहिल्या घाटात त्यात चार चमचे तेल आलं. लेव्हल बरोबर असताना. उघड्या ब्रीदरवर तेच चार चमचे त्याच पाइपावर पडले असते. याला तुम्ही पातेलं म्हणा, मला चालेल.

पुस्तकाबद्दल म्हणालात. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या ‘अपेंडिक्स जे’ या नियमावलीत इंजिनच्या उघड्या ब्रीदरला कॅच टँक सक्तीचा आहे : २००० सीसीपर्यंत २ लिटर, त्याच्या वर ३ लिटर. आणि टाकी अर्धपारदर्शक प्लास्टिकची हवी, नाहीतर तिला पारदर्शक पट्टी हवी. आत किती साठलं ते दिसावं म्हणूनच ना? नियम इंजिनचा आहे, पण गरम तेल तापलेल्या पाइपावर पडू नये ही गरज गिअरबॉक्सचीही आहे. पॅरिसमध्ये बसून केलेला नियम तुम्हाला जुगाड वाटत नाही, जळगावच्या एमआयडीसीत ॲल्युमिनियमचा डबा वेल्ड केला की वाटतो.

मी काही काल दुकान उघडलेलं नाही. वडिलांचं अजिंठा चौफुलीजवळ ट्रकचं गॅरेज होतं. मी डिप्लोमा केला, नाशिकला चार वर्षं नोकरी केली, २००४ मध्ये परत आलो. ऑटोमॅटिक उघडायला इथे कुणी हात लावत नव्हतं, तेव्हा पहिला बॉक्स मी पंधरा दिवस टेबलावर मांडून ठेवला होता, प्रत्येक स्प्रिंगखाली चिठ्ठी. हे मोठेपणासाठी सांगत नाही. तुम्ही ‘वाचा, मग लिहा’ म्हणालात म्हणून सांगावं लागतंय.

नळीचं मात्र नीट सांगतो, कारण त्या ओळीवर विश्वास ठेवून कुणी ६ मिलिमीटरची नळी लावली तर नुकसान त्याचं होईल. ब्रीदरमधून नुसती हवा येत नाही, फेस येतो. बारीक नळीत फेस अडकतो, नळी तेलाने भरते आणि बॉक्सचा श्वास कोंडतो. मग दाब सीलवर येतो. २००९ मध्ये मी स्वतः ठिबकची १६ मिलिमीटरची काळी नळी लावून बघितली होती. शेतात टिकते, तर गाडीत का नाही, असं वाटलं होतं. दहा दिवसांत गरमीने मऊ पडली, वळणावर चपटी झाली, आणि पुढचं पंप सील गेलं. खर्च मी माझ्या खिशातून भरला. तेव्हापासून तेलाला चालणारी नायट्राइल रबरची नळी, आतला व्यास १२ मिलिमीटर, बॉक्सपासून कॅनपर्यंत सलग चढती. मध्ये कुठेही झोळ नको, झोळात तेल साचलं की नळी बंद. साधी सिलिकॉन नळी नको, ती तेल झिरपू देते. कॅन फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली भिंत), एक्झॉस्टपासून लांब, आत स्टेनलेसची जाळी, आणि झाकणावर स्वतःचा फिल्टर. कॅन हवाबंद केला तर ब्रीदर बुजवल्यासारखंच आहे. उंच नेलेल्या ब्रीदरचा पावसाळ्यात आणखी एक फायदा : गरम बॉक्स पाण्यात बुडाला की एकदम थंड होतो आणि श्वास आत ओढतो. ब्रीदरचं तोंड खाली असेल तर नाल्याचं पाणी थेट तेलात.

वॉरंटीचा मुद्दा मी घेत नाही. रिमॅप केलेल्या गाडीची वॉरंटी कॅनमुळे जाणार, हे वाचून पुढे काही लिहावंसं वाटलं नाही.

सुट्टीत धुळ्याला आलात तर जळगाव दीड-दोन तासांवर आहे. पहाटे सहाला या, रॅम्पवर गाडी असेल. लेखातला दहाचा आकडा बदललाय. नळीचा १२ तसाच राहील.