मॅकवर न चाललेली ओळ आणि माझी पाचवी ओळ

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेचा मथितार्थ असा: 'सेड वापरून पाचव्या ओळीआधी मजकूर घाला' असं मी लेखात बिनधास्त लिहिलं (सेड म्हणजे एडिटर न उघडता, कमांड देऊन फाइलमधला मजकूर बदलणारा प्रोग्रॅम), तुमच्या मॅकवर ते चाललंच नाही, आणि फाइलवर असले धोक्याचे प्रयोग करण्यापेक्षा सरळ एडिटर उघडावा.

पहिली चूक कबूल. मी ग्नू सेडपुरतं, म्हणजे लिनक्सवर सहसा असतो त्या सेडपुरतं, लिहिलं आणि तसं सांगितलं नाही. मॅकवरचा सेड बीएसडी या वेगळ्या युनिक्स घराण्यातला. त्याला मायनस आय (फाइलमध्येच बदल करायचा पर्याय) यानंतर बॅकअपचं एक्स्टेन्शन लागतंच. बॅकअप नको असेल तर स्पेस सोडून रिकामी अवतरणचिन्हं द्यायची. नाही दिली तर तो तुमची सूचनाच एक्स्टेन्शन म्हणून गिळतो आणि फाइलच्या नावाला कमांड समजून कुरकुरतो. शिवाय घालायच्या मजकुराआधी बॅकस्लॅश देऊन नवी ओळ घ्यावी लागते. ग्नूमध्ये हे सगळं एका ओळीत खपतं.

धोक्याबद्दल मात्र तुम्ही भलत्यालाच धरलंत. मला नडला तो ओळीचा आकडा. एका जुन्या नोकरीत एनजिनएक्स या वेबसर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये 'लिसन'ची (कोणत्या पोर्टवर ऐकायचं ते सांगणारी) ओळ पाचव्या ओळीआधी घालणारी स्क्रिप्ट मी लिहिली होती. 'सर्व्हर'चा महिरपी कंस चौथ्या ओळीवर उघडत होता, त्यामुळे सगळं बरोबर बसायचं. मग कुणीतरी वर कॉमेंटच्या दोन ओळी वाढवल्या. माझी ओळ कंसाच्या बाहेर पडली आणि 'लिसनला इथे परवानगी नाही' म्हणत एनजिनएक्स सुरूच होईना. रात्री साडेअकराला! तेव्हापासून आकडा सोडला, खूण धरतो: 'सर्व्हर' आणि कंस असलेली ओळ शोध, तिच्याखाली घाल. त्याआधी ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) लावून ती ओळ आधीच आहे का ते बघतो, नाहीतर स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालली की ओळही दोनदा.

एडिटर एका मशीनवर ठीक. चाळीस मशीनवर कोण उघडत बसणार?

तुम्ही न काढलेली एक खोट मीच सांगतो. मायनस आय 'जागच्या जागी' बदल करतो हे नुसतं म्हणायला. प्रत्यक्षात नवी फाइल लिहून तिला जुनीचं नाव दिलं जातं. ग्नू सेड सिमलिंकवर (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नावावर) चालवलात तर लिंक जाते, तिथे साधी फाइल येते आणि मूळ फाइल तशीच राहते. ग्नूमध्ये त्यासाठी 'फॉलो सिमलिंक्स' हा पर्याय आहे.

मॅकची कमांड लेखात आज टाकतो. तुमची दुसरी तक्रार, शेवटी ओळ जोडायला डॉलर-ए (सेडची 'शेवटच्या ओळीनंतर जोड' ही सूचना) दिलं तरी काहीच झालं नाही, ती बहुधा रिकाम्या फाइलची असावी. ओळच नाही तर शेवटची कुठून येणार. तिथे शेलची दोन ग्रेटर-दॅन चिन्हंच वापरा, ती फाइलच्या शेवटी मजकूर जोडतात.