‘रडक्या’ कादंबऱ्यांची बाजू घेऊन

आज एका पुस्तकचर्चेत एका सुशिक्षित गृहस्थांनी रोहिंटन मिस्त्री यांच्या ‘अ फाइन बॅलन्स’ या इंग्रजी कादंबरीचा निकाल एका वाक्यात लावला: “सहाशे पाने नुसते रडगाणे, दिवसभर शहरात धक्के खाऊन आल्यावर हे कशाला वाचायचे?” चारचौघांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, आणि ते गप्प बसणे संध्याकाळपासून मला टोचते आहे.

‘शहरात धक्के खाऊन’ म्हणे! हे धक्के नेमके कोण खाते, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. १८५३ साली पुस्तकरूपाने आलेल्या चार्ल्स डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ या कादंबरीत रस्ता झाडणारा ‘जो’ नावाचा पोर आहे, पोलीस त्याला सतत ‘पुढे चल’ म्हणून हाकलतात, आणि पुढे म्हणजे कुठे, हे कोणीही सांगत नाही. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी शहराकडे गरिबाला सांगायला तेवढे एकच वाक्य आहे.

‘अ फाइन बॅलन्स’ मला माझ्या खोलीवरच्या मैत्रिणीने दिली होती. पेन्सिलीने समासात खुणा करत वाचायची तिची सवय मला आवडत नसे. शंभरेक पाने वाचून मी पुस्तक बाजूला ठेवले आणि तिला सांगितले, “फार उदास आहे गं.” ती काहीच बोलली नाही. पुढे रस्तारुंदीकरणात तिच्या आईवडिलांचे घर गेले. त्या दिवसांत तिचा फोन आला: “पुस्तकांच्या दोन पेट्या तुझ्याकडे ठेवू का?” मी म्हणाले, “पुढच्या आठवड्यात बोलू.” माझ्या खोलीत पलंगाखाली जागा होती. तो पुढचा आठवडा कधी आलाच नाही, आणि दीड वर्षाने ती गेल्याचे मला तिसऱ्याच कोणाकडून कळले. पुस्तक माझ्याकडेच राहिले होते, म्हणून ते मी तेव्हा पुन्हा उघडले.

वरच्या गृहस्थांवर मी का चिडले, हे आता टाइप करता करता माझ्या लक्षात येते आहे. तेही अर्ध्यावर थांबले होते. चर्चेत त्यांनी तसे स्वतःच कबूल केले.

या कादंबरीत दुःखांची भर जरा जास्त घातली आहे आणि योगायोगही सोयीने येतात, हे मला मान्य आहे. पण तेवढ्यावरून तिला ‘रडगाणे’ म्हणणे म्हणजे शेजारच्या घरातला आकांत ऐकून खिडकी लावून घेणे आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेली ही गोष्ट आणीबाणीच्या काळात समुद्रकाठच्या एका शहरात घडते. लेखकाने त्या शहराला नाव दिलेले नाही. दीना ही विधवा, ईश्वर आणि ओम हे मूळचे चांभार असलेले शिंपी काका-पुतणे आणि शिकायला आलेला मानेक असे चौघे नाइलाजाने एका भाड्याच्या घरात येतात. सुरुवातीला दीना शिंप्यांसाठी वेगळे कप ठेवते. झोपडपट्टी पाडणारे आणि सक्तीने नसबंदी करणारे सरकार बाहेर आहे. कपाटातल्या कपांची ही वाटणी घरातली आहे. मला विचाराल तर कादंबरीची खरी गोष्ट त्या कपांपासून सुरू होते, कारण अन्यायाच्या बातम्या आपण रोज वाचतो आणि विसरतो, पण ज्याच्याबरोबर एका खोलीत राहिलो त्याचे काय झाले, हे विसरता येत नाही. (मी स्वतः दीड वर्ष विसरले होते, हे कोणी कमेंटमध्ये लिहिण्याआधी मीच लिहून टाकते.)

ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांनी इथे थांबावे, कारण शेवटाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. शेवटी ईश्वर आणि ओम भीक मागत आहेत आणि घर गमावलेली दीना भावाच्या आश्रयाला आहे. भाऊ-भावजय घरात नसताना ती त्या दोघांना गुपचूप जेवू घालते, त्यांच्या ताटल्या धुते आणि कपाटात परत ठेवते. रात्री भाऊ आणि भावजय त्याच ताटल्यांत जेवणार असतात. ‘शेवटी हाती काही नाही’ म्हणणाऱ्यांना या ताटल्या दिसतच नाहीत!

माझ्या प्रतीत त्या ओळीशेजारी पेन्सिलीने एकच शब्द आहे: ‘कप.’ पहिल्यांदा मला तो कळलाच नाही. शेकडो पाने उलटी चाळत मागे गेले, तेव्हा कपांच्या जागी तिने मारलेली फिकट रेघ सापडली.

निघताना त्या गृहस्थांनी माझी प्रत चाळायला मागितली होती. मी तुटकपणे नाही म्हणाले. द्यायची नव्हतीच, पण शेजारी बसून ती रेघ तेवढी दाखवता आली असती.