मुंबईचा महापौर 74,427 कोटींचा मालक? आधी हिशेब तरी बघा

पालिकेचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरत येतो. सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो तिसऱ्यांदा आला. थोडक्यात असा: मुंबईचा महापौर म्हणजे 74,427 कोटींचा मालक. 1888 पासून हेच पद शहर चालवतं. आयुक्त त्याच्या हाताखालचा. फिरोजशहा मेहतांसारखे महापौर होते तेव्हा शहर सुतासारखं सरळ चालायचं. तेव्हा खड्डा दिसला की महापौरालाच जाब विचारा.

आधी पैसे. आकडा खरा आहे, 2025-26 च्या अर्थसंकल्पाचा. पण तो मांडला गेला तेव्हा मुंबईला महापौरच नव्हता! नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. महापौर असतो तेव्हाही अर्थसंकल्पाचं बाड त्याच्या हातात पडत नाही. आयुक्त ते स्थायी समितीच्या अध्यक्षांना सादर करतात. तिथे चर्चा होते, फेरफार होतात आणि मग ते सभागृहात येतं. मोठ्या कंत्राटांचे प्रस्तावही आधी स्थायीपुढे येतात. म्हणून तर महापौरपद एका पक्षाला आणि स्थायी दुसऱ्याला, अशी वाटणी ठरते तेव्हा जाणती माणसं विचारतात, ‘स्थायी कोणाकडे?’

आयुक्त महापौराच्या हाताखाली? 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं 64 वं कलम उघडा. कायदा राबवण्याचा कार्यकारी अधिकार तिथे आयुक्ताला दिलेला आहे. आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर त्याची बदली करू शकत नाही, निलंबन तर दूरच. एक वाट जरूर आहे: एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश जणांनी ठराव केला, तर आयुक्ताला जावं लागतं. पण तो अधिकार सभागृहाचा, महापौराच्या एकट्याच्या खिशातला नाही.

आता इतिहास, कारण खरी गंमत तिथे आहे. 1888 चा कायदा झाला तेव्हा महापौर हा हुद्दाच नव्हता, होता तो महापालिकेचा अध्यक्ष. फिरोजशहा मेहता चार वेळा अध्यक्ष झाले, महापौर एकदाही नाही. ‘मेयर’ हा किताब 1931 मध्ये आला आणि पहिले मानकरी होते जे. बी. बोमन-बेहराम. (त्याआधी 1726 च्या सनदेने मुंबईत एक मेयर आला होता, पण तो होता न्यायालयाचा! नऊ आल्डरमन, म्हणजे सोबत न्यायाला बसणारी माणसं, घेऊन दिवाणी दावे ऐकायचा. गटारांशी त्याचा संबंध नव्हता.)

आणि कारभार एका अधिकाऱ्याच्या हाती असावा, हे म्हणणं कोणाचं? खुद्द मेहतांचं. 1865 च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाला. ज्याच्या नावाचं क्रॉफर्ड मार्केट अजून आपल्या तोंडी आहे, तोच. माणूस कामाचा, पण खर्चाला धरबंध नाही. करदाते खवळले आणि 1871 मध्ये शहरात गदारोळ उठला. आयुक्ताचे हातपाय बांधा, कारभार मंडळाकडे द्या, असा सूर होता. तेव्हा विशी ओलांडून फार काळ न झालेल्या मेहतांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचला. त्यांचं म्हणणं असं की दोष एकट्या आयुक्ताचा नाही, त्याच्यावर लोकांनी निवडलेली महापालिका नाही हा आहे. कारभार एकाने करावा, म्हणजे चुकलं तर कोणाला धरायचं ते कळतं. हिशेब मागायला निवडून आलेले लोक असावेत. भर सभेत हे सांगणं म्हणजे प्रवाहाच्या उलट पोहणं होतं. पण 1872 च्या कायद्याने 64 सदस्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले, आणि 1888 च्या कायद्याच्या घडणीत मेहता आणि कायदेपंडित काशिनाथ त्र्यंबक तेलंग दोघेही होते. ज्यांचं नाव घेऊन ‘बलवान महापौर’ मागितला जातो, त्यांनीच कारभार अध्यक्षाच्या हाती न देणारा आराखडा उचलून धरला होता. पालिका मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. फॉरवर्ड करणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावं.

महापौराला कार्यकारी अधिकार देऊन बघायचा प्रयोगही झाला. 1998 मध्ये ‘मेयर-इन-कौन्सिल’ आणलं आणि वर्षभरात गुंडाळलं.

यावर लगेच उलट टोकाचं उत्तर येतं: मग हे पद नुसतं शोभेचं, झगा आणि फिती कापणं. हेही मला पटत नाही. सभा चालवतो महापौर. कोणाला बोलू द्यायचं, हरकतीचा मुद्दा घ्यायचा की फेटाळायचा, सभा तहकूब करायची की आयुक्तांकडून आत्ता उत्तर मागायचं, हे त्या खुर्चीवरून ठरतं. मतं समसमान झाली तर निर्णायक मत त्याचं. पुन्हा महापौर थेट लोकांतून येत नाही, नगरसेवक त्याला अडीच वर्षांसाठी निवडतात. खमका महापौर असेल तर आयुक्ताला घाम फुटतो, मिळमिळीत असेल तर विषयपत्रिका अर्ध्या तासात निकालात निघते.

ही खुर्ची रिकामी राहिली तर काय होतं, तेही आपण मार्च 2022 नंतर पाहिलं. आयुक्तच प्रशासक. प्रस्ताव त्यांच्याच खात्यांचे आणि मंजुरी त्यांचीच. 2023 मध्ये तर अतिरिक्त आयुक्तांनी अर्थसंकल्प सादर केला तो आपल्याच साहेबांना. समोरच्या बाकांवरून ‘हे कलम परत वाचा’ म्हणायला कोणी नव्हतं.