तुही माय वेगळी होती म्हणे

दहावीच्या आमच्या ग्रुपवर गेले काही दिवस धर्मांतराच्या कायद्याशिवाय दुसरा विषय नाही. कुठल्या गावात कोणाच्या घरी प्रार्थना होते, मिशनवाले कोणाला काय वाटतात, याचे व्हिडिओ येतात आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागते. मी गप्प होते. मग एकाने लिहिलं, ‘पोतंभर गव्हासाठी देव बदलला यांनी.’ ग्रुपवर मीही आहे हे त्याला नंतर आठवलं असावं. लगेच खाली दुसरी ओळ आली, ‘तुही माय वेगळी होती वं. तिचं नाव नाई घेत मी.’

पहिल्या ओळीचा राग आला. दुसरीचा त्याहून जास्त आला.

हा माणूस परका नाही. मे महिन्यात माय गेली तेव्हा जमीन इतकी तापलेली होती की कुदळ आत शिरत नव्हती. खणणारी पोरं थकली, तेव्हा यानेच कुठूनतरी जेसीबी आणला. पेटीला खांदा दिला. आमच्याकडे उन्हाळ्यात मयत ठेवत नाहीत, त्यामुळे मी इकडे जर्मनीत, वुर्त्सबुर्गला, विमानाचं तिकीट हातात घेऊन सगळं फोनवर पाहिलं. तो तिथे होता, मी नव्हते. त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण माझी माय वेगळी नव्हती. ती कॅथलिक होती. तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलता, त्यांच्यातलीच होती.

ती जन्मली 1951 साली. तेव्हा आमचा अमरावती जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. त्याच सरकारने 1954 मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगींची समिती नेमली, मिशनऱ्यांची चौकशी करायला. 1956 मध्ये अहवाल आला. म्हणजे माय शाळेत जायच्या आधीच तिच्या घराण्याच्या बाप्तिस्म्याची सरकारदरबारी झडती घेऊन झाली होती. ग्रुपवरच्या मंडळींना वाटतं, हा प्रश्न आपणच पहिल्यांदा विचारतो आहोत.

गव्हाचं म्हणाल, तर हो, दिलं धान्य. गहू नसेल, ज्वारी असेल. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं रस्त्याच्या कडेला मरत होती. मायचा आजा त्यात पोरका झाला. फादरांनी त्याला उचललं, जेवू घातलं. गावाने घातलं नव्हतं. गाव त्याच्या जातीला विहिरीवरसुद्धा चढू देत नव्हतं. उपाशी पोराने ज्याने भाकर दिली त्याचा देव धरला, यात लाज कोणी बाळगायची? त्याच्या चारच वर्षं आधी, 1895 मध्ये, नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक, ते सोडा. टिळकांच्या धर्मांतराला सगळे आत्मशोध म्हणतात, त्यावर भाषणं होतात. रोजमजुराने तेच केलं की ते पोतं होतं. गरिबाला आत्मा नसतो का?

आणि फायद्याचाच हिशेब लावायचा तर पूर्ण लावा. 14 ऑक्टोबर 1956 ला आमचे बहुतेक भाऊबंद नागपूरला गेले, बाबासाहेबांबरोबर बौद्ध झाले. मायचा बाप चर्चमध्येच राहिला. अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती माणूस 1950 च्या आदेशानेच बाहेर होता. शिखांना 1956 मध्ये आत घेतलं, बौद्धांना 1990 मध्ये. आम्ही अजून बाहेर. माझ्या चुलतभावाला वसतिगृह मिळालं, मला नाही. पोटासाठीच देव धरला असता तर मायने तो कधीच सोडला असता. नातेवाईक सांगतही होते. ती म्हणायची, ‘पोराले शिकवाले मी कापूस वेचीन. देव काहून बदलू?’ आणि ती खरंच वेचायची. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत तिच्या बोटांच्या कडा बोंडांनी फाटलेल्या असायच्या, त्याच बोटांत रात्री जपमाळ.

तिचा धर्म कुठून आयात केलेला नव्हता. गळ्यात काळी पोत, तिला क्रूस. जात्यावर बसली की ‘पयली माही ओवी गं मारियामायेले’, मग दुसरी ओवी भावाला, तिसरी पिकाला. पंधरा ऑगस्टला आधी शाळेतलं झेंडावंदन आणि मग मारियेच्या सणाची मिस्सा, कारण दोन्ही एकाच दिवशी येतात आणि तिला दोन्ही चुकवायची नसायची. नव्या ज्वारीची कणसं आधी वेदीवर, मग घरात. नाताळच्या करंज्या सगळ्या गल्लीत जायच्या, संक्रांतीचा तिळगूळ सगळ्या गल्लीतून आमच्याकडे यायचा. एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘तुमचा देव गोरा हाय का वं?’ मायने भाकर थापता थापता सांगितलं, ‘सुताराचं पोरगं ते, उनातानातलं. गोरं कायनं राहीन?’

संध्याकाळी ती सिस्टरांच्या दवाखान्यात जायची, बाळंतिणींची आंघोळपांघोळ करायला. कोणाची जात विचारली नाही. तिला वेगळी म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारते की ती अशी कुठून झाली? ते दवाखान्यातलं काम, ती माळ, तो गुड फ्रायडेला नुसत्या आंबिलीवर काढलेला दिवस, हे सगळं वजा केलं तर माझी माय उरत नाही. चांगली म्हणून तिला धर्मातून बाहेर काढायचं आणि उरलेल्यांना चोर ठरवायचं, ही माया मला नको.

इथे जर्मनीच्या बायर्न राज्यात माझा धर्म पगाराच्या पावतीवर असतो. आयकराच्या आठ टक्के किर्खेनश्टॉयर, म्हणजे चर्चचा कर, कापला जातो. नको असेल त्याने श्टांडेसआम्टात, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयात, जाऊन चर्च सोडल्याची सही करायची. 2022 या एका वर्षात 5 लाखांहून जास्त कॅथलिक बाहेर पडले. माझ्या वॉर्डातली एक बाई सकाळी सही करून आली आणि दुपारच्या ड्युटीला उभी राहिली. तिच्या पणजोबाचं कोणी काढलं नाही. उत्तर प्रदेशात, मध्य प्रदेशात धर्म बदलायचा तर कलेक्टरला 60 दिवस आधी कळवावं लागतं. इथल्या लोकांना हे सांगितलं की त्यांना वाटतं मी ऐकीव सांगते आहे. इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. डोक्याला रुमाल बांधणाऱ्या माझ्या मैत्रिणीला बसमध्ये काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे. पण निदान सरकार तिच्या देवाची तारीख विचारत नाही.

आमच्या चर्चमध्ये फादर केरळचे आहेत आणि बाकांवर बहुतेक म्हाताऱ्या असतात. पंधरा ऑगस्टला त्या रानातल्या औषधी झाडपाल्याच्या जुड्या बांधून आशीर्वादाला आणतात. मायला फोनवर दाखवल्या होत्या, तर म्हणाली, ‘आपल्यासारखंच हाय की मंग.’ त्या दिवशी मला इथे पहिल्यांदा बरं वाटलं होतं.

एक गोष्ट ग्रुपवर कोणी काढत नाही, म्हणून मीच काढते. देश बदलला तो मी. पगारासाठी बदलला, दुसरं कारण नाही. दोन वर्षांपूर्वी जर्मन पासपोर्ट घेतला आणि भारताचा परत केला. आता मायची तीन एकरं वारसाने माझ्याकडे येतील, पण शेजारचा एक गुंठा मला विकत घेता येणार नाही. तरी गावात गेले की माझा सत्कार होतो, शाळेत मुलींना माझं उदाहरण देतात. आता तर महाराष्ट्र सरकारच बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी करार करून पोरांना इकडे कामाला पाठवायला निघालं आहे, आणि ग्रुपवरचे निम्मे जण मला मुलांसाठी जर्मनचे क्लास विचारतात. पोटासाठी देश सोडला तर हार, पोटासाठी देव धरला तर चार पिढ्या टोमणा. माझी मुलं मायला ‘आजी’ म्हणत, पण तिच्याशी बोलताना त्यांची मराठी तीन वाक्यांत संपायची. ती माळ त्यांच्या हातात देऊन पुढचं स्वतःच म्हणायची. मायने कोणालाही सोडलं नाही. आमच्या घरातून खरोखर कोणी दुसरीकडचं झालं असेल तर ती मी आहे, आणि वेगळी म्हणायचं तर मला म्हणा.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, मुलांना घेऊन गावी असेन. ग्रुपवर ते लिहिणाऱ्यानेच काल फोन केला होता, पावसात कबरीची माती खचली आहे, मुरूम टाकू का म्हणून. मी टाक म्हटलं. ग्रुपवर उत्तर लिहिलेलं नाही. ते त्याच्या ओसरीवर बसून देणार आहे, त्याच्या आईसमोर, कारण तिची दोन्ही बाळंतपणं मायने काढली आहेत आणि तिलाही यात बोलायचं आहे असं तिने कळवलं आहे.