वाचू नका, विका

जुन्या कॉमिक्सच्या धंद्यात उतरायचं असेल तर सगळ्यात आधी वाचायची सवय सोडा. पान उलटलं की अंकाच्या कण्यावर ताण येतो, बोटांचा घाम कागदात मुरतो, आणि गोष्ट रंगात आली की माणूस नकळत अंक मागे दुमडून एका हातात धरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या लाखो पोरांनी हे पाप केलं. दहा सेंट मोजून कॉमिक घेतलं, तिथल्या तिथे वाचलं, मित्राला दिलं, त्याने आपल्या भावाला दिलं. आज त्या अंकांच्या मुखपृष्ठांवर सुरकुत्यांचं जाळं आहे आणि तुमच्यासारखे जाणकार ते पाहून नाक मुरडतात. तुम्हाला हवा आहे तो अंक, जो कोणी विकत घेतला आणि उघडलाच नाही. असं मूल लहानपणी कसं असेल, याचा विचार करत बसू नका. त्याच्या वारसांचा पत्ता शोधा.

आता मालाची ओळख. 'कॅप्टन अमेरिका कॉमिक्स'चा पहिला अंक. त्यावर तारीख मार्च १९४१ची, पण तो दुकानांत आला डिसेंबर १९४०मध्ये. मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यात ठोसा हाणतोय. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती, पर्ल हार्बर व्हायला जवळजवळ वर्ष बाकी होतं. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू घरांतल्या तरुणांनी हे चित्र बाजारात आणलं, आणि धमक्या अशा येऊ लागल्या की न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून संरक्षणाचा शब्द दिला, असं सायमन यांनीच पुढे सांगितलं. हे सगळं तुम्हाला ठाऊक नसलं तरी चालेल. ठाऊक असायला हवं ते एवढंच, की २०२२च्या एप्रिलमध्ये या अंकाची एक प्रत लिलावात ३१ लाख २० हजार डॉलरना गेली. अंक किती जपला गेलाय याचा दहापैकी आकडा म्हणजे ग्रेड, ती ९.४. ठोशाची ग्रेड वेगळी देत नाहीत.

तरी थोडी माहिती जवळ असू द्या, गिऱ्हाइकाला गप्पांत गुंतवायला बरी पडते. पहिल्या अंकात नायकाची ढाल तिकोनी आहे, दुसऱ्या अंकापासून गोल. दुसऱ्या एका प्रकाशकाच्या नायकाच्या अंगावर तसाच आकार होता, त्या प्रकाशकाने हरकत घेतली. हे सांगताना आवाज खाली आणायचा आणि हातमोजे घालायचे.

मग प्रश्न येतो, की लाखांनी छापलेली ही चोपडी आज इतकी दुर्मीळ कशी? इथे तुम्ही कृतज्ञ असायला हवं. युद्धात कागदाची टंचाई आली, आणि सरकारने रद्दी गोळा करायची मोहीम काढली. पोरं हातगाड्या ओढत दारोदार फिरली. कॉमिक्समधूनही आवाहनं छापली जायची, जुना कागद द्या, देशाला मदत करा. आज्ञाधारक पोरांनी ती वाचली, आणि जे वाचत होती तेच उचलून गाडीत टाकलं. आडमुठी, कंजूष, ऐकून न ऐकल्यासारखं करणारी पोरं मात्र अंक पलंगाखाली दडवून बसली. म्हणजे देशभक्तीच्या गोष्टींचे अंक उरले ते देशभक्ती न केलेल्यांकडे. तुमचा सगळा धंदा या आडमुठ्यांच्या पुण्याईवर चालणार आहे.

सैनिकांचा तर उल्लेखच नको. त्यांनी छावण्यांमध्ये कॉमिक्स अक्षरशः चिंध्या होईपर्यंत वाचली. गुंडाळून खिशात कोंबली. खुद्द कर्बी १९४४मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर पायदळात होते, थंडीने पाय असे सडले की कापावे लागतात की काय अशी वेळ आली. त्या मोहिमेत कोणाच्या झोळीत कॉमिक असेल तर त्याची आज ०.५ सुद्धा ग्रेड लागणार नाही. चिखल हा सर्वात वाईट डाग.

युद्ध संपल्यावर उरलेलं काम आयांनी केलं. पोरगं कॉलेजला गेलं की खोली साफ. १९४८च्या सुमाराला काही गावांत तर चक्क कॉमिक्सच्या होळ्या पेटल्या, मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि पोरांच्याच हातून. १९५४मध्ये डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी पुस्तक लिहून कॉमिक्स मुलांना बिघडवतात असं बजावलं, त्याच वर्षी सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या. संग्राहकांच्या घरी या डॉक्टरांची तसबीर लावलेली मला अजून दिसली नाही, हा शुद्ध कृतघ्नपणा आहे.

एक उपद्रव मात्र पोरांनी हौसेने करून ठेवलाय, कुपनांचा. कॅप्टन अमेरिकाच्या अंकात 'सेंटिनल्स ऑफ लिबर्टी' नावाच्या मंडळाचं सभासदत्व मिळायचं, दहा सेंट पाठवा आणि बिल्ला मिळवा. आठ-नऊ वर्षांच्या पोराने आईची कात्री घेतली, जीभ बाहेर काढून कुपन कापलं, पाकिटात नाणं घातलं आणि हेरांपासून देश वाचवायची शपथ घेतली. आज तो अंक तुमच्या हाती येतो. मागच्या पानावर पेन्सिलीत नाव लिहिलेलं, आत एक चौकोनी भोक. काही भोळे लोक अशी भोकं पाहून हळवे होतात. तुम्ही भोकाची लांबी-रुंदी मोजा आणि भाव पाडा.

माल शोधायचा कुठे? मेलेल्या माणसांच्या घरी. याला सभ्य शब्द 'इस्टेट' असा आहे. २०२५च्या नोव्हेंबरात 'सुपरमॅन'च्या १९३९च्या पहिल्या अंकाची प्रत ९१ लाख २० हजार डॉलरना गेली. तीन भावांना ती आई गेल्यावर पोटमाळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या थप्पीखाली सापडली होती. माझ्याकडे मोलाची कॉमिक्स आहेत, असं आई सांगायची, पण दाखवली कधीच नाहीत. आदर्श माता. दाखवली असती तर पोरांनी वाचली असती.

याच्या उलट टोकाला मिनेसोटातल्या एल्बो लेक गावची गोष्ट. एका गृहस्थाने १० हजार १०० डॉलरना पडीक घर घेतलं, भिंत फोडली तर आत थंडी अडवायला कोंबलेल्या जुन्या कागदांत १९३८चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो. आनंदाच्या भरात घरच्यांसमोर मिरवला, बायकोच्या नात्यातल्या एका बाईंनी हात घातला, यांनी हिसकला, आणि मलपृष्ठ टर्रकन फाटलं. तरी २०१३मध्ये १ लाख ७५ हजार डॉलर आले. पण त्या फाटण्याची किंमत जाणकारांनी ७५ हजार काढली. तेव्हा अंक भिंतीत सापडला तर आधी नातेवाइकांना दुसऱ्या खोलीत पाठवा, मग आनंद माना.

आता ग्रेड. अंक पाठवायचा सीजीसी नावाच्या संस्थेकडे, ती २०००पासून हे काम करते. तिथली माणसं अंक तपासतात, ०.५पासून १०पर्यंत आकडा देतात आणि कठीण पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात कायमचा बंद करतात. याला म्हणायचं स्लॅब. स्लॅबमधून मुखपृष्ठ दिसतं, मलपृष्ठ दिसतं, आतलं काही दिसत नाही. ते वाचायचं असेल तर कवच फोडावं लागतं, आणि फोडलं की ग्रेड गेली. म्हणजे पहिला सल्ला तुम्ही पाळला नाही तरी प्लास्टिक पाळायला लावतं. पानं पांढरी आहेत, 'ऑफ-व्हाइट' आहेत की सायीच्या रंगाची, हे मात्र लेबलावर छापून येतं. एका आकड्याच्या दशांशासाठी माणसं रात्र-रात्र जागतात. मी एका गृहस्थांना ९.२ आणि ९.४मधला फरक भिंगातून समजावून सांगताना ऐकलंय, तसा आवाज मी एरवी फक्त गाभाऱ्यात ऐकला आहे.

लेबलाचा रंग नीट पाहा. निळा म्हणजे जन्मतः असा. जांभळा म्हणजे कोणीतरी प्रेमाने दुरुस्ती केलेली, फाटलेली कड चिकटवलेली, उडालेला रंग भरलेला. जांभळं लेबल पाहून गिऱ्हाईक असं मागे सरकतं की जणू अंकाला गोवर आलाय. पण उष्णता, दमटपणा आणि दाब देऊन सुरकुत्या घालवल्या तर त्याला 'प्रेसिंग' म्हणतात आणि ती दुरुस्ती मानत नाहीत. थोडक्यात, इस्त्री चालते, शिवण चालत नाही. हा नियम कशावर आधारला आहे ते विचारू नका, धर्मात प्रश्न विचारायचे नसतात.

कागदाशी तुमचं वैर कायमचं. वृत्तपत्रांचा स्वस्त कागद, लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं, त्यातून आम्ल तयार होतं आणि कागद स्वतःलाच खात बसतो. आधी पिवळा, मग तपकिरी, मग बिस्किटासारखा. पिनांना गंज चढतो तो वेगळाच. महिनाभर टिकावा म्हणून बनवलेली वस्तू तुम्हाला नातवंडांपर्यंत न्यायची आहे, तेव्हा मायलर नावाच्या प्लास्टिकची पिशवी, आम्लविरहित पुठ्ठा, अंधार, थंडावा, कोरडी हवा, ही चैन अंकाला करू द्या. स्वतः पंख्याखाली झोपा. आणि पिशवीच्या तोंडाला चिकटपट्टी असेल तर अंक बाहेर काढताना ती आधी सोडवा. मुखपृष्ठाला चिकटली की तुम्ही एका सेकंदात जे कराल ते हिटलरला चार वर्षांत जमलं नाही.

फसवणुकीचं शिक्षणही हवं, निदान होऊ नये म्हणून. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची १९७४मध्ये भल्या मोठ्या आकारात पुनर्मुद्रित आवृत्ती निघाली. तिचं बाहेरचं जाड मुखपृष्ठ काढून टाकलं की आत हुबेहूब मूळ अंक, आणि लोकांनी तो मूळ म्हणून खपवलाय. अस्सल अंक पावणेआठ इंचांच्या आसपास रुंद असतो, हा टेबलाएवढा. तरी घेणारे निघतात. दहा सेंट छापलेलं दिसलं की डोळे झाकतात.

डोळ्यांवरून आठवलं. १९४२मध्ये वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, लष्करात भरती व्हायला गेला आणि नापास झाला, कारण उत्साहाच्या भरात त्याची क्ष-किरण दृष्टी भिंतीपार गेली आणि त्याने शेजारच्या खोलीतला नजर तपासायचा तक्ता वाचून दाखवला. तुमचं उलट असायला हवं. मुखपृष्ठाच्या पलीकडचं काहीही दिसता कामा नये.

हे विशेषतः जपानी माणसांच्या चित्रांबाबत. त्या काळच्या मुखपृष्ठांवर ते सुळे काढलेले, पिवळेजर्द, अर्धे प्राणी अर्धे भूत असे रंगवलेले आहेत. तेव्हाच जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना अमेरिकेने छावण्यांत डांबलं होतं, त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक. मुखपृष्ठ पाहून पोरं शाळेत कोणाकडे कशी बघत असतील, हा विषय जाहिरातीत आणू नका. लिहा, 'काळाची जिवंत साक्ष, रंग विलक्षण ताजे.' रंग खरंच ताजे असतात. हिटलर मुखपृष्ठावर असला की भाव आणखी चढतो. हा माणूस मेल्यावर संग्राहकांना कमावून देईल असं कोणाला वाटलं होतं?

पैसे आल्यावर अमेरिकन सरकार संग्राह्य वस्तूंच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर घेतं. युद्धात रद्दी दिली नाही ना, आता द्या.

आणि हो, चुकूनही कॉमिक्स लिहिणारे-चितारणारे होऊ नका. सायमन-कर्बी जोडीने नफ्यातल्या वाट्यावरून वाद झाल्यावर दहाव्या अंकानंतर प्रकाशकाला रामराम ठोकला. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी तर त्याचे सगळे हक्क १३० डॉलरना देऊन टाकले. ही रक्कम ४१२ डॉलरच्या एका चेकात होती, १९३८चा चेक. २०१२मध्ये तो कागदाचा तुकडा लिलावात १ लाख ६० हजार डॉलरना गेला. विकणारे ते दोघे नव्हते.

एक अडचण राहते. स्लॅब कपाटात काचेमागे उभा करून ठेवलात की कधीतरी घरातलं लहान मूल समोर येऊन नाक काचेला लावणार. ठोसा मारणारा माणूस बघणार, कोसळणारा मिशीवाला बघणार, आणि विचारणार, "मग पुढे काय होतं?" गडबडू नका. लेबलावर लिहिलंय ते सांगा, पानं ऑफ-व्हाइट आहेत.