शंभर कंपन्या आणि आपण: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण लेख वाचून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्यांसाठी थोडक्यात: शाश्वत भविष्याची जबाबदारी व्यक्तीवरही आहे आणि समूहावरही, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. जगातलं ७१ टक्के उत्सर्जन शंभर कंपन्या करतात, मग सामान्य माणसाला दिवे बंद करायला सांगणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. दुसरं, जे सगळ्यांचं ते कोणाचंच नसतं, त्यामुळे समूहाच्या ताकदीच्या गप्पा भाबड्या आहेत. आणि तिसरं, बैठकांना हजर राहायला वेळ असणं हीच मुळात चैन आहे.

आधी तो आकडा. तो २०१७ च्या एका अहवालातला आहे आणि फार सैलपणे फिरतो. १९८८ पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंबद्दल तो आहे, एकूण उत्सर्जनाबद्दल नाही. यादीतले शंभर जण कोळसा, तेल आणि वायू काढणारे आहेत. त्यांनी विकलेलं इंधन दुसऱ्यांनी जाळल्यावर होणारं उत्सर्जनही त्यांच्याच नावावर धरलंय, आणि त्यांच्या हिशेबात सुमारे ९० टक्के वाटा त्याचाच आहे. म्हणजे माझ्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोलही त्या ७१ टक्क्यांत कुठेतरी आहे. शिवाय यादीत वरच्या क्रमांकांवर बऱ्याच सरकारी मालकीच्या कंपन्या आहेत. 'कंपन्या विरुद्ध आपण' अशी सरळ रेघ ओढता येत नाही ती त्यामुळे.

याचा अर्थ कंपन्या सुटल्या असा नाही. 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे एका माणसाच्या राहणीतून होणाऱ्या उत्सर्जनाचा हिशेब, ही कल्पना घरोघरी पोचवण्यात बीपी (पूर्वीची ब्रिटिश पेट्रोलियम) या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता. २००४ च्या सुमारास त्यांनी लोकांना स्वतःचा फूटप्रिंट मोजायला गणकयंत्रच देऊ केलं. तेल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला हिशेबाला बसवावं, हा कावा तुम्ही बरोबर ओळखलात. आणि एक मुद्दा तुमच्या बाजूने मीच मांडतो. २०२० मध्ये निम्मं जग घरात कोंडलेलं असूनही कार्बन डायऑक्साइडचं वार्षिक उत्सर्जन साधारण ५ टक्क्यांनीच घटलं. वीज, पोलाद, सिमेंट, शेती चालूच होती. नुसत्या वैयक्तिक संयमाने काम भागणार नाही, यावर आपलं एकमत आहे.

मग व्यक्तीचं काम काय उरतं? ओझोनच्या प्रकरणात ते फार स्वच्छ दिसतं. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवलं की स्प्रेच्या डब्यांत आणि फ्रिजमध्ये वापरला जाणारा सीएफसी वायू ओझोनचा थर खातो. कायदा तर सोडाच, उद्योग तेव्हा हे मानायलाही तयार नव्हता. पण अमेरिकेत बऱ्याच लोकांनी स्प्रे घेणं सोडून दिलं. सोपं होतं ते: दुकानात त्याच फळीवर शेजारी बिनस्प्रेची बाटली उभी असायची. खप घसरला, १९७५ मध्ये एका मोठ्या उत्पादकाने आपण सीएफसी सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि १९७८ मध्ये अमेरिकेने बहुतेक स्प्रेंमध्ये त्यावर बंदी घातली. फ्रिजचं तसं नव्हतं. आतला वायू ग्राहक निवडू शकतच नव्हता, मग कितीही सद्गुणी असो. तिथे सीएफसीसारखे वायू हटवण्यासाठी देशादेशांत झालेला १९८७ चा मॉन्ट्रियल करार लागला. त्यामुळे आता अंटार्क्टिका वगळता बहुतेक जगावरचा ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

म्हणून मला तरी 'व्यक्ती की व्यवस्था' हा वादच पोकळ वाटतो. समोरची वस्तू स्प्रे आहे की फ्रिज, एवढं आधी विचारावं. फ्रिज असेल तर स्वतःला दोष देत बसण्यात अर्थ नाही. नियम जिथे ठरतो तिथे जाऊन बोलायला हवं. नेमकं तेच काम आपण टाळतो, कारण दिवा बंद करणं त्यापेक्षा सोपं आहे. आणि कंपन्यांना शिव्या घालणं त्याहूनही सोपं आहे. (हे तुम्हाला लागेल, पण तुमच्या प्रतिक्रियेचा सूर बघता तुम्ही ते सहन कराल.)

आता तुमचा दुसरा आक्षेप. सामाईक कुरणात जो तो आपली जनावरं वाढवत जातो आणि शेवटी कुरण उजाड होतं, ही मांडणी अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये केली. पण अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी प्रत्यक्षातली कुरणं, कालवे, मासेमारीच्या जागा तपासल्या, लोक आपसांत नियम ठरवून त्या टिकवूही शकतात हे दाखवलं, आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी मांडलेल्या उदाहरणांपैकी स्वित्झर्लंडमधलं टोर्बेल गाव मला विशेष आवडतं. १५१७ चा तिथला नियम: हिवाळ्यात जेवढ्या गाई स्वतः पोसू शकाल, तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडायच्या. जास्त सोडल्या तर दंड, आणि दंड वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातला निम्मा स्वतःला ठेवता यायचा! म्हणजे गावाने माणसांच्या चांगुलपणावर अजिबात भरवसा ठेवला नव्हता. मोजमाप सोपं, लक्ष ठेवणाऱ्याचा फायदा लक्ष ठेवण्यातच. सामाईक गोष्ट उजाड होते ती असं काहीच ठरलेलं नसतं तेव्हा.

समूह म्हटला की मोर्चे आणि घोषणा डोळ्यांसमोर येतात. खरं काम फार कंटाळवाणं असतं. एखाद्या इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे ठरवून बघा. वरच्या मजल्यावरच्यांना गळतीची धास्ती, भाडेकरू म्हणतात आम्ही वर्षभरात जाणार, कोणी विचारतं वीज जिन्याच्या दिव्यांना की घरांना, आणि एक गृहस्थ दर वेळी मागच्या बैठकीचं इतिवृत्तच मान्य करत नाहीत. पर्यावरणाचं नाव कोणी काढतही नाही. तरी तीन-चार माणसं चिकाटीने कोटेशन आणत राहिली तर पॅनेल लागतात.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. दोन पाळ्या करून घरी येणाऱ्याला बैठकीला बोलावणं क्रूरपणा आहे. जबाबदारी सारखी वाटायचीच नाही: जगातल्या सर्वांत श्रीमंत १० टक्क्यांच्या वाट्याला जवळपास निम्मं उत्सर्जन जातं, तेव्हा पहिला हिशेब त्यांचा. पण सामूहिक नियमाचा सर्वांत जास्त उपयोग वेळ नसलेल्यालाच होतो. स्प्रेवर बंदी आल्यावर दमून दुकानात शिरलेल्या माणसाला डब्यामागची बारीक अक्षरं वाचावी लागली नाहीत. ज्याच्याकडे मोकळी संध्याकाळ आहे त्याने ती अशा नियमासाठी घालवावी, एवढंच माझं मागणं आहे, आणि ते दोन पाळ्या करणाऱ्याकडे नाही.

जाता जाता तुम्ही मारलेला टोमणा: मी स्वतः विमानाने फिरतो का? फिरतो, पूर्वीपेक्षा कमी. ज्या मार्गावर रात्रीची आगगाडी आहे तिथे तीच घेतो. जिथे ती बंद केली गेली, तिथे ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून चाललेल्या निवेदनावर सही केली आहे. तुम्हालाही दुवा पाठवतो.