विलो पॅटर्नची निळी प्लेट: व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चार दाव्यांना उत्तर

वाकलेले विलोचे झाड, पूल, पुलावर तीन माणसे, वर दोन पाखरे. अशा निळ्या-पांढऱ्या प्लेटच्या फोटोखाली एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातो. त्यात चार दावे असतात: चित्रात चीनची हजार वर्षांपूर्वीची प्रेमकथा आहे, प्लेट पोर्सिलेनची (प्रकाश आरपार जाऊ देणाऱ्या बारीक चिनी मातीची) असून प्रत्येक रेघ हाताने काढली आहे, मागे चिनी अक्षरे म्हणजे अस्सल चिनी माल, आणि ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या चकचकीत थरावर, चिरांचे जाळे म्हणजे शंभरी नक्की. यावर विसंबून कोणी चोर बाजारात नको तेवढे पैसे मोजतो, तर कोणी घरातली खरोखर जुनी वस्तू भंगारात काढतो. म्हणून एकेक दावा तपासू.

कथेचे आधी. विलो पॅटर्न इंग्लंडमध्ये घडला. चिनी निर्यातमालावरची निळी निसर्गचित्रे समोर ठेवून कॉली, स्पोड अशा कारखान्यांनी स्वतःचे नमुने कोरले, आणि पूल, तीन माणसे व पुढचे कुंपण असलेली आजची ओळखीची रचना साधारण 1790 च्या सुमारास स्पोडकडे पक्की झाली. त्या मजकुरातली प्रेमकथा, म्हणजे कूंग-से आणि चांग या प्रेमिकांची कथा, छापून आली ती 1849 साली, ‘फॅमिली फ्रेंड’ या इंग्रजी मासिकात. म्हणजे चित्र आधी आणि कथा जवळजवळ साठ वर्षांनी.

‘हाताने काढलेली’ हा दावा सर्वांत जास्त फसवतो. वूस्टर, बो, लोस्टॉफ्ट या कारखान्यांचा सुरुवातीचा निळा माल खरोखर कुंचल्याने रंगवलेला आहे. पण विलो जवळपास नेहमी छापलेला असतो. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, पत्रा गरम करून तेलात घोटलेला कोबाल्ट या धातूचा निळा रंग रेघांत भरायचा, वरचा रंग पुसून साबणाचे पाणी लावलेला पातळ कागद त्यावर दाबायचा. तो छाप कापून, एकदा भाजलेल्या बिनग्लेझच्या प्लेटवर कडक ब्रशने घासून बसवायचा आणि कागद पाण्याने सोडवायचा. मग सुमारे 700 अंश सेल्सिअसला एक हलकी भाजणी. ती टाळली तर तेल उरते, ग्लेझ त्या जागी धरत नाही आणि उघडे डाग पडतात. शेवटी ग्लेझमध्ये बुडवून पुन्हा भट्टी. ती जास्त तापली की कोबाल्ट ग्लेझमध्ये पसरतो आणि रेघा धूसर होतात.

ही छपाई ओळखायला दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. काठाची नक्षी पट्ट्या जोडून बसवलेली असते, त्यामुळे कुठेतरी सांधा चुकतोच. कागदाला घडी पडली असेल तिथे पांढरी फट दिसते. छटा कोरलेल्या रेघांनी आणि ठिपक्यांनी साधलेल्या असतात. कुंचल्याच्या कामात रंग फटकाऱ्याच्या टोकाशी साचून गडद होतो. ठिपके यांत्रिक जाळीसारखे एकसारखे असतील, तर तो अलीकडचा छापील स्टिकर समजा.

पोर्सिलेनचेही तेच. विलोच्या बहुतेक प्लेटा अर्दनवेअरच्या, म्हणजे अपारदर्शक मातीच्या असतात. दिव्यासमोर धरून मागे बोट हलवा. सावली मुळीच दिसली नाही तर ते बहुधा पोर्सिलेन नाही. जुने वूस्टर, ज्यात सोपस्टोन हा मऊ दगड मिसळलेला असे, प्रकाशात हिरवट दिसते. 1800 च्या आसपास रुळलेले बोन चायना पांढरे असते. त्यात साधारण निम्मी हाडांची राख असते. पर्लवेअर या पांढरट अर्दनवेअरच्या ग्लेझमध्ये किंचित कोबाल्ट असल्यामुळे बुडाच्या कड्याच्या आतल्या कोनात निळसर झाक साचते. ही खूण बघायला विसरू नका.

आता मागची अक्षरे. वूस्टरने 1780 च्या आसपास 1 ते 9 हे आकडेच चिनी अक्षरांसारखे वेलबुट्टीत सजवून प्लेटमागे घातले. ही खूण बराच काळ कॉलीची समजली जाई. वूस्टरच्या जागेवरच्या उत्खननाने ते बदलले. वूस्टरची चंद्रकोरीची खूणही लोस्टॉफ्टने उचलली होती. त्यामुळे एकट्या खुणेवर निर्णय देऊ नये. काळ ठरवायला साधे शब्द अधिक कामाचे: नुसते ‘इंग्लंड’ असेल तर प्लेट बहुधा 1891 नंतरची, कारण अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचे नाव तेव्हापासून सक्तीचे झाले. ‘मेड इन इंग्लंड’ किंवा ‘बोन चायना’ ही अक्षरे सहसा विसाव्या शतकातली. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची, नमुन्याची नोंदणीखूण 1842 ते 1883 या काळातली. जपाननेही हा पॅटर्न भरपूर बनवला.

चिरांचे जाळे वयाचा पुरावा नाही. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसते, किंवा माती ओल शोषून फुगते, आणि ग्लेझ ताणाने तडकते. नवी प्लेटही वर्षभरात तडकू शकते, आणि तडे चहाच्या पाण्यात मुरवून जुने दाखवता येतात. उलट चांगले जुने पोर्सिलेन अनेकदा बिनचिरेचे असते.

जुन्या ग्लेझमध्ये शिसे असते. चिरलेल्या प्लेटमध्ये लोणचे, चिंचेची चटणी, लिंबू असे आंबट काही वाढू नका. ब्लीच लावू नका. ते चिरांत शिरून राहते आणि ग्लेझ सुटू लागते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, आणि रचून ठेवताना दोन प्लेटांमध्ये कागद.